पॅसिफिकचं पाणी आणि आपल्या वावरातली थंडी

या महिन्याच्या पत्रांत थंडीशिवाय दुसरा विषयच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, कापसाची वेचणी चालू आहे आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर ‘ला निना’ येऊन पडली आहे. म्हणून यावेळी पाचच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा देऊन बसले आहे आणि त्याची भरपाई दुसऱ्यानं केली आहे.

प्रश्न: बाई, मी संत्रावाला माणूस. निम्मी बाग आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुलणारी आहे, बाकी वावरात तूर अन् हरभरा. यंदा पेपर, टीव्ही, मोबाईल सारे एकच सांगून राहिले, का ला निना आहे म्हणून कडाक्याची थंडी पडणार. आमच्या गावच्या एका दुकानदारानं तर थंडीपासून झाड वाचवायच्या औषधाच्या बाटल्या काढून ठेवल्या. मला दोन गोष्टी सांगा. तिकडं पेरू देशापाशी समुद्राचं पाणी थंड झालं तर माझ्या वावरात थंडी कशी काय येते? अन् हे खरं असेल तर मी आत्तापासून काय करू?
(एक शेतकरी, ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर: भाऊ, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. बाटली घेऊ नका. ला निना हे नाव ऐकून आज वावरात काहीही करायचं नाही. असं का म्हणते ते सांगायला तुमच्या पहिल्या प्रश्नातून जावं लागेल.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सहावीच्या मुलांकडून दरवर्षी एक गोष्ट करून घ्यायची. चिकणमातीचा गोळा करायचा, त्यावर विषुववृत्ताची रेघ ओढायची, नागपूरची खूण करायची आणि त्या खुणेत सायकलच्या चाकाची तार घालून ती बरोबर मधून आरपार काढायची. तार बाहेर निघते ती प्रशांत महासागरात, म्हणजे पॅसिफिकमध्ये, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून बरंच पश्चिमेला. चहूकडं पाणीच पाणी. वर्धा नदीच्या काठी विहीर खणत खणत आपण आरपार गेलो तर जे पाणी लागेल ते याच महासागराचं. तो लांबचा आहे हे खरंच, याहून लांब पृथ्वीवर जाताच येत नाही.

या महासागरात विषुववृत्ताच्या पट्ट्यात पूर्वेकडून पश्चिमेकडं वारे वाहत असतात. ते वरचं तापलेलं पाणी ढकलत इंडोनेशियाकडं नेतात. इतकं नेतात की तिथली समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. पाणीही तिथं २८ ते ३० अंशांचं. इकडं पेरूच्या किनाऱ्याला वरचं पाणी सरकलं की त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यात माशांचं खाद्य भरपूर, त्यामुळं तिथली मासेमारी मोठी.

पण दोन ते सात वर्षांतून एखादेवेळी हे वारे ढिले पडतात. पश्चिमेला साठलेलं गरम पाणी पूर्वेकडं परत पसरतं आणि पेरूच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासे येईनासे होतात. हे नाताळच्या सुमारास जाणवायचं म्हणून कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, एल निनो, म्हणजे मुलगा. याच्या उलट वारे नेहमीपेक्षा जोरानं वाहिले आणि थंड पाणी पार मध्य पॅसिफिकपर्यंत पसरलं तर ती ला निना, मुलगी. मध्य पॅसिफिकचा एक पट्टा शास्त्रज्ञांनी ठरवून घेतला आहे. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश गरम झालं आणि महिनोन्‌महिने तसंच राहिलं की एल निनो. अर्धा अंश थंड राहिलं की ला निना.

अर्ध्या अंशानं काय होतं, असं मनात येईल. हवेचा अर्धा अंश आणि पाण्याचा अर्धा अंश यांत फार फरक आहे. समुद्राचा वरचा अडीच मीटरचा थर घ्या, उभ्या माणसाच्या डोक्यावर दोन हात एवढाच. तो जेवढी उष्णता धरतो तेवढी डोक्यावरची सगळी हवा मिळून धरते. इथं तर शंभर-शंभर मीटर जाडीचं पाणी हजारो किलोमीटर सरकतं.

आता हे पाणी तुमच्यापर्यंत कसं येतं? पाणी येतच नाही. येतो तो हवेतला धक्का. सगळ्यात गरम पाणी जिथं असेल तिथं प्रचंड ढग उभे राहतात, बारा-पंधरा किलोमीटर उंच. वाफेचं परत पाणी होताना तिनं धरलेली उष्णता तिकडं वर सुटते. त्याच उंचीवर, उत्तरेला, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारा वेगवान वाऱ्याचा झोत असतो. त्याला जेट म्हणतात, आणि तो साऱ्या पृथ्वीला वेढून वाहतो.

पुढचं मी पाटाच्या पाण्यावरूनच समजू शकले. तुम्ही रात्रीच्या ओलिताला जाता तेव्हा बॅटरीच्या उजेडात बघा. भरल्या पाटात एखादं मोठं ढेकूळ पडलं तर पाणी फक्त तिथंच हलत नाही. ढेकळाला वळसा घालून ते पुढं एका काठाला घासायला लागतं, तिथून वळून आणखी पुढं दुसऱ्या काठाला. ढेकूळ पडलं तिथला काठ शाबूत राहतो आणि पाट फुटतो तो दहा पावलं पुढं. ते ढेकूळ फावड्यानं जरा मागं ओढा, फुटायची जागाही मागं येते. पॅसिफिकवरचा ढगांचा डोंगर म्हणजे ते ढेकूळ. एल निनोत तो पूर्वेकडं सरकतो, ला निनात पश्चिमेकडं इंडोनेशियापाशी घट्ट बसतो. त्याप्रमाणं जेटची वळणं बदलतात आणि हजारो किलोमीटरवर कुठं पाऊस वाढतो, कुठं थंडी. अमेरिकेत एल निनोच्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियापासून फ्लोरिडापर्यंतच्या दक्षिण पट्ट्यात पाऊस जास्त आणि उत्तरेला कॅनडाकडं थंडी कमी, असा कल असतो. ला निनात बहुतेक उलटं.

हे सगळं हिवाळ्यात ठळक का दिसतं, याला दोन कारणं आहेत. एल निनो असो वा ला निना, तिचा जोर नोव्हेंबर ते जानेवारीत सर्वांत जास्त असतो. आणि जेटही हिवाळ्यातच जोरात असतो, दक्षिणेकडं सरकलेला असतो. पावसाळ्यात तो हिमालयापलीकडं निघून जातो. डिसेंबरात तो उत्तर भारताच्या डोक्यावर असतो.

या जेटबरोबरच भूमध्य समुद्राकडून आपल्याकडं पश्चिमी झंझावात येतात. काश्मीर-हिमाचलचा बर्फ आणि पंजाबातला हिवाळी पाऊस त्यांचाच. एल निनोच्या हिवाळ्यात वायव्य भारतात असा पाऊस जास्त होण्याकडं कल असतो. ला निनात तो कमी होतो, आभाळ मोकळं राहतं, रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि उत्तरेचे कोरडे वारे बिनअडथळा खाली उतरतात. आभाळ आलं की रात्रीची थंडी मोडते आणि आभाळ फाकलं की झोंबते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ला निना आणि थंडी यांचं नातं असं जुळतं. म्हणून बातमी खोटी नाही.

पण हा पाट फार लांबचा आहे. तो तुमच्या धुऱ्यापर्यंत येईतो त्यात आणखी किती ढेकळं पडतात! हिंदी महासागराचं पाणी वेगळं तापतं, उत्तर ध्रुवाकडची थंड हवा कधी कोंडून राहते तर कधी सुटते, बंगालच्या उपसागरात एखादं वादळ उठलं की आपल्याकडं आठवडाभर ढग. शिवाय थंडीच्या लाटांचा खरा पट्टा उत्तर भारत आहे आणि विदर्भ त्याच्या दक्षिण टोकाला. टोकाला पोहोचेपर्यंत पॅसिफिकचा आवाज बारीक झालेला असतो.

माझी चूक झाली ती इथंच. २०१८ च्या नोव्हेंबरात पॅसिफिक गरम होत होता, कमजोर का होईना एल निनो होऊ घातला होता. मी ते सगळं वाचत होते. शेजारच्या काकांनी मिरची आणि टमाटरच्या रोपांचे वाफे टाकले होते. कुंपणाशी उभं राहून त्यांनी विचारलं, “बाई, यंदा थंडी कशी राहीन?” मी म्हटलं, “काका, एल निनो आहे, बेताचीच राहील.” त्यांनी वाफ्यांवर झाकायला आणलेले बांबूचे तट्टे परत गोठ्यात नेऊन ठेवले.

२९ डिसेंबर २०१८. त्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. वेधशाळेच्या नोंदीतला तोवरचा नीचांक १९३७ सालच्या जानेवारीतला होता, ३.९ अंश. तोही मोडला. आमच्या गावात सहा वाजता मी परसात गेले तर स्प्रिंकलरच्या नळीच्या जोडावर रात्रभर गळालेलं पाणी काचेच्या मण्यासारखं धरून बसलं होतं. बोटानं दाबलं तर टणक. मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावात बर्फ पाहिला आणि पाहताक्षणी काकांचे वाफे आठवले. गेले तर मिरची उभीच होती, हिरवीगार. मला वाटलं, वाचली. पण ऊन चढलं तशी पानं पाणी सुटल्यासारखी झाली, नऊ वाजेपर्यंत काळपट होऊन उकडलेल्या भाजीसारखी लोंबली. काका मला काही बोलले नाहीत. “पुन्हा टाकू बी,” एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्याची नोंद पुढंही एल निनोचा हिवाळा म्हणूनच झाली. मी वाचलेलं खोटं नव्हतं. मी त्याचा जो अर्थ काकांना सांगितला तो खोटा होता.

मोठमोठ्या देशांतही असंच होतं. २०१५-१६ चा एल निनो फार मोठा होता. दक्षिण कॅलिफोर्नियात धो धो पाऊस पडणार म्हणून लोकांनी वाट पाहिली आणि तो तिथं पडलाच नाही. २०२२-२३ ला ला निना होती, म्हणजे कोरडा हिवाळा अपेक्षित, तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर बर्फाचे ढीग लागले. टेक्सासला ला निनाचा हिवाळा एरवी उबदार असतो. २०२१ च्या फेब्रुवारीत, ला निना असताना, तिथं अशी थंडी पडली की वीज गेली आणि माणसं दगावली.

ला निना तराजूचं पारडं थोडं झुकवते. पण तुमच्या बागेत १२ जानेवारीच्या रात्री पारा किती उतरेल हे तिला माहीत नसतं. ते आधी कळू शकतं पाच-सहा दिवस, फार फार तर आठवडाभर. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज रोज निघतो आणि शेतीसाठीचा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी. त्यात थंडीच्या लाटेचा इशारा दिसला की कामाला लागा. हरभऱ्याला संध्याकाळी हलकं ओलीत द्या, ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. भाजीची रोपं तट्ट्यांनी किंवा कडब्यानं झाका. संत्र्याची यंदाची-गेल्या वर्षीची कलमं असतील तर त्यांनाही उत्तरेकडून तुराट्यांचा आडोसा करा. पण मोठी झाडं आंबिया बहारासाठी ताणावर सोडली असतील, म्हणजे त्यांचं पाणी तोडलं असेल, तर एका थंड रात्रीच्या भीतीनं त्यांचा ताण मोडू नका. कोरडी जमीन आणि थंड रात्री, या दोहोंनी मिळूनच ते झाड विसाव्याला जातं आणि मग फुलतं. भाऊ, थंडी तुमच्या बागेची वैरी नाही.

प्रश्न: मॅडम, मी नववीत आहे. एल निनो हा शोध परदेशातल्या लोकांनी लावला असं आमच्या वर्गात सांगितलं. त्यात भारताचं काहीच नाही का?
(एक विद्यार्थिनी, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर: बाळा, आहे, आणि जे आहे ते आपल्या लोकांच्या उपासमारीतून आलेलं आहे. म्हणून मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

१८७६ आणि १८७७ साली पाऊस दगा देऊन गेला आणि दख्खनपासून मद्रासपर्यंत लाखो माणसं मेली. मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००. या दोन दुष्काळांत मध्य प्रांत आणि आपला वऱ्हाड फार पोळला. सरकार इंग्रजांचं होतं. धान्य असूनही माणसं का मेली याचा जाब त्या सरकारनंच द्यायला हवा होता, पण पाऊस आधी ओळखता येईल का, हा प्रश्नही त्याला पडला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचा एक गणितज्ञ भारतीय हवामान खात्याचा प्रमुख होऊन आला. हवामान हा त्याचा विषयच नव्हता. त्यानं जगभरातल्या वेधशाळांचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे मागवले आणि खात्यातल्या भारतीय कारकुनांना हाताशी धरून, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, कागदावर हजारो बेरजा-गुणाकार करून घेतले. कुठले आकडे एकमेकांबरोबर वरखाली होतात एवढंच शोधायचं. त्या कारकुनांची नावं तुझ्या पुस्तकात नाहीत, माझ्याही नव्हती.

त्यातून त्यांना एक झोका सापडला. पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो, आणि हे पुन्हा पुन्हा उलटसुलट होत राहतं. याला वॉकरनं १९२४ साली दक्षिणी दोलन असं नाव दिलं. आज तो झोका मोजायला ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन या दोन ठिकाणचा दाब घेतात. झोका हलतो कशानं, हे मात्र वॉकरला कळलं नव्हतं. ते १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानं जुळवून दाखवलं. पेरूच्या कोळ्यांचं गरम पाणी आणि भारतातल्या कारकुनांचा दाबाचा झोका ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. त्यानं त्या हवेच्या चक्राला वॉकरचंच नाव दिलं. वर्गात सांगशील तर पहिल्यांदा १८९९ सांग, मग १९२४ आणि मग १९६९.

प्रश्न: फेब्रुवारीत गारपीट होते ती एल निनोमुळं का?
(एक वाचक, ता. देऊळगाव राजा)

उत्तर: तसं म्हणता येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल, विदर्भ-मराठवाड्यात गहू, हरभरा, संत्रा सगळं झोडपून गेली. तेव्हा पॅसिफिक एल निनोतही नव्हता आणि ला निनातही नव्हता. २०१८ च्या फेब्रुवारीतली गारपीट ला निना असताना झाली. गारा पडायला वर थंड हवा आणि खाली समुद्राकडून आलेली दमट हवा एकमेकींना भिडावी लागतात. ती भेट त्या त्या आठवड्यात ठरते.

प्रश्न: ताई, आमच्या घरी सासरे दरवर्षी अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत ऐकतात आणि त्यावर बियाणं ठरवतात. आमचा मुलगा कृषी पदविका करतो, तो म्हणतो एल निनो बघा. दोघांची दरवर्षी बोलाचाली होते. कुणाचं ऐकावं?
(एक गृहिणी, ता. जळगाव जामोद, जि. बुलढाणा)

उत्तर: ताई, मी भेंडवळला एकदा गेले आहे. पहाटेच्या अंधारात माणसं वावरात उभी असतात, लहान पोरं खांद्यावर, आणि मांडलेल्या धान्यातला कुठला दाणा हलला, कुठला जागीच राहिला हे सांगितलं जातं तेव्हा श्वास रोखून ऐकतात. वर्षभराची पेरणी पावसाच्या हाती सोपवणाऱ्या माणसाला त्या पहाटेत काय मिळतं हे मला तिथं कळलं. तुमच्या सासऱ्यांनी तिथं जरूर जावं. पण दाणा हलण्याचा आणि पावसाचा संबंध कोणी दाखवून दिलेला नाही, तेव्हा बियाण्याचा पैसा त्यावर लावू नये.

आता तुमच्या मुलालाही हे वाचून दाखवा. अक्षय्य तृतीया येते एप्रिल-मेमध्ये, आणि मार्च ते मे हेच महिने असे आहेत की पॅसिफिक पुढं काय करणार हे शास्त्रज्ञांना सर्वांत कमी ओळखता येतं. जुना एल निनो विरत असतो, नवं काय होणार ते ठरलेलं नसतं. मग जून-जुलैत चित्र साफ होत जातं. म्हणजे ज्या आठवड्यात तुमच्या घरात वाद होतो, नेमका त्याच आठवड्यात मुलाचा एल निनोही कच्चा असतो.

आणि पक्का असला तरी? १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होता, तरी देशात त्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. २००२ चा एल निनो त्यापुढं मध्यम, आणि त्या वर्षी देशात १९ टक्के तूट आली, जुलै तर जवळजवळ अर्धा कोरडा गेला. २००९ ला तूट २२ टक्के. तेव्हा एल निनोच्या वर्षी दुष्काळाची भीती जास्त हे खरं, पण भीती म्हणजे निकाल नव्हे. सासऱ्यांनी आणि नातवानं मिळून एक करावं. सगळं वावर एका पिकाखाली घालू नये, सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्यावं आणि पेरणीयोग्य पाऊस झाल्याशिवाय तिफण वावरात नेऊ नये. यावर दोघांचं भांडण होणार नाही असं मला वाटतं.

प्रश्न: बाई, तुम्ही म्हणता ला निना थंडीकडं झुकवते. मग २०२३ मध्ये तीन वर्षं ओळीनं ला निना होती तरी फेब्रुवारीत आमचा गहू उन्हानं का चिपला?
(एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: तुम्ही नेमकं पकडलंत. २०२० ते २०२३ असे तीन हिवाळे ला निना टिकली, असं क्वचित होतं. आणि त्या तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, २०२३ च्या फेब्रुवारीत, देशातलं दिवसाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या फेब्रुवारीच्या नोंदींत सर्वांत जास्त निघालं.

याचं कारण असं की पॅसिफिकचा झोका ज्या खांबाला टांगलेला आहे तो खांबच वर सरकतो आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत साठलेल्या वायूंमुळं साऱ्या पृथ्वीचं तापमान वाढतं आहे. ला निना म्हणजे झोका थंडीकडं जाणं. पण आजची ला निनाची वर्षं कधीकाळच्या एल निनोच्या वर्षांपेक्षा गरम निघू लागली आहेत. १९९८ हे साल मोठ्या एल निनोमुळं तेव्हाचं सर्वांत गरम वर्ष ठरलं होतं. २०२१ आणि २०२२ ही ला निनाची वर्षं त्याहून गरम गेली. हे लिहिताना मला धास्ती वाटते, आणि ती तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं नाही.

डिसेंबर-जानेवारीत थंडी येतेच, झोंबणारीही येते. पण ती लवकर आटोपते, आणि गव्हाचा दाणा भरतो तो नेमका फेब्रुवारीत. दूध भरायच्या वेळी दिवसाचं ऊन चढलं की दाणा भरायला मिळणारे दिवसच कमी होतात आणि तो चिपतो. तुमच्या हाती आहे ती पेरणीची तारीख. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडला तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याचा बराच दाणा भरून गेलेला असतो. डिसेंबरात पेरलेला गहू उन्हात सापडतो. यंदा कापसाच्या वावरात गहू घ्यायचा म्हणून पेरणी लांबली असेल तर उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेलं वाण घ्या, आणि विहिरीला पाणी असेल तर दाणा दुधात असतानाचं एक पाणी आत्तापासून राखून ठेवा. ते पाणी दुपारी देऊ नका. वारा पडल्यावर संध्याकाळी द्या, नाहीतर गहू लोळतो.